तीन घरांचें बक्षीस

मराठी वर्तमानपत्रांतून व मासिकांतून शब्दकोडीं येऊं लागल्यास आतां कित्येक दशकें लोटलीं. कथा, कविता, नाटक, इतकेंच काय पण पाकशास्त्राचीं पुस्तकेंही परीक्षणाच्या तावडींतून सुटत नाहींत. परंतु शब्दकोड्याकडे टीकाकाराची दृष्टि क्वचितच वळते. याचें कारण उघड आहे. शब्दकोडें वाचावयाचें नसून भरावयाचें असतें, आणि एकदां भरून झालें कीं त्याचा कागद फडताळांतल्या डब्यांखालीं जाऊन पडतो. तथापि ज्या लेखनावर सुशिक्षित कुटुंबांतील माणसें रोज सकाळीं अर्धी घटका खर्च करितात, आणि ज्यांतील एकेका शब्दावरून बापलेकींचे वाद होतात, त्यास लेखन न मानणें हा आमच्या मतें केवळ आळस होय. शोधसूत्र हें एक वाक्यच असतें. त्या वाक्यास कर्ता असतो, त्यास खरेंखोटें असतें, चांगलेंवाईट असतें. मग त्याचें परीक्षण कां होऊं नये?

सगळ्या शब्दकोड्यांचा विचार एका लेखांत मावणार नाहीं. म्हणून आम्ही एकाच कुळींतील शब्द घेतले आहेत: बक्षीस, इनाम, पदक, चषक, ढाल, फीत आणि त्यांचे भाऊबंद. हें कूळ निवडण्यास कारणें तीन. हे शब्द कोड्यांत वारंवार येतात. हे सारे एकमेकांचे प्रतिशब्द आहेत असा कोडेंकारांचा समज दिसतो. आणि शब्दकोड्यांच्या इतिहासांतील एक काळें प्रकरण नेमकें बक्षिसाशींच निगडित आहे.

विषय मनांत आला तो एका क्षुल्लक प्रसंगामुळें. आमचें गांव घाटंजी, यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या मुलखांतलें तालुक्याचें ठिकाण. सकाळचें पत्र आलें कीं अग्रलेखाचें पान वडीलधाऱ्यांकडे व कोड्याचें पान मुलांकडे जावें, अशी आमच्या घरची वहिवाट. गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वींची. एके दिवशीं आडव्या शब्दांत पहिलेंच सूत्र आलें: 'विजेत्यास हें मिळतें', घरें तीन. उभे शब्द अजून भरावयाचे होते. धाकट्या बहिणीनें लिहिलें 'पदक'. आईनें स्वयंपाकघरांतून सांगितलें 'बक्षीस'. आमच्या वडिलांचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सारे काकाजी म्हणत, त्यांनीं चष्मा पुसून निकाल दिला, "इनाम लिही, बाई." दुसरे दिवशीं उत्तर छापून आलें तें 'चषक'.

बहिणीनें विचारलें, "काकाजी, तीन घरांत आपल्या तिघांचेही शब्द बसत होते. विजेत्याला तिन्ही मिळतात. मग आपण चुकलों कसे?"

काकाजी कांहीं बोलले नाहींत. ते कां बोलले नाहींत हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं कळलें, व तें योग्य स्थळीं सांगूं. परंतु बहिणीचा प्रश्न हाच या लेखाचा प्रश्न आहे. ज्या सूत्रास चार उत्तरें सारखींच लागू पडतात, तें सूत्र म्हणावें काय?

प्रथम कोड्याची घडण पाहूं. इंग्रजी कोड्यांत एका घरांत एक वर्ण बसतो. देवनागरींत एका घरांत एक सबंध अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षर यांसह बसतें. 'पारितोषिक' हा शब्द पा, रि, तो, षि, क अशीं पांच घरें घेतो. 'बक्षीस' हा ब, क्षी, स अशीं तीनच. आडवा व उभा शब्द जेथें एकमेकांस छेदतात तेथें दोघांसही तेंच अक्षर, त्याच वेलांटीसह, लागतें. आतां 'क्षी' हें अक्षर असलेले शब्द आठवून पहावे. पक्षी, साक्षी, क्षीर, क्षीण असे मोजकेच हातीं लागतात. आणि 'बक्षिसें' असें अनेकवचन केलें तर ती वेलांटीही ऱ्हस्व होऊन जुळलेला छेद मोडतो. उलट च, ष, क किंवा प, द, क हीं अक्षरें पहा. त्यांस ना काना ना मात्रा. उभा शब्द कोणताही असो, त्यांत असें एखादें मोकळें अक्षर बहुधा सांपडतेंच. त्यामुळें कोडें रचणाऱ्याच्या लेखणीस चषक व पदक आपोआप येतात, आणि जो शब्द घरोघर बोलला जातो तो 'बक्षीस' चौकटींत न बसतां शोधसूत्रांत जाऊन बसतो. 'बक्षीस' असें सूत्र व 'पदक' असें उत्तर आम्हीं अनेकदां भरलें आहे. 'पदक' असें सूत्र व 'बक्षीस' असें उत्तर भरल्याचें आठवत नाहीं.

हा दोष रचनाकाराचा नव्हे, लिपीच्या स्वभावाचा आहे. त्याबद्दल कोणास बोल लावतां येणार नाहीं. बोल लावावयाचा तो पुढच्या पायरीवर. घरांच्या सोयीसाठीं शब्द निवडला, हें ठीक. परंतु निवडल्यावर त्याचें सूत्र तरी त्याच शब्दाचें असावें कीं नको? 'पदक' या शब्दासाठीं जर 'चषक', 'इनाम' व 'बक्षीस' यांसही लागू पडणारें वाक्य लिहिलें, तर लेखकानें शब्दाचा विचारच केला नाहीं, नुसतीं घरें मोजलीं, असें म्हणणें भाग पडतें.

आणि हे शब्द खरोखर प्रतिशब्द आहेत काय? मुळींच नाहींत. प्रत्येकाच्या पाठीशीं निराळा देणारा, निराळा घेणारा व निराळा प्रसंग उभा आहे. 'इनाम' अरबींतून आलें व आमच्याकडे जमिनीस चिकटलें. सारा माफ असलेली, बहुधा वंशपरंपरेनें चालणारी जमीन म्हणजे इनाम. अशा जमिनींच्या हक्कांची छाननी करण्यास इंग्रज सरकारास इनाम कमिशन नेमावें लागलें व १८५२ सालीं त्याकरितां कायदा करावा लागला. इनाम हें एका दिवसाचें नसून पिढ्यांचें असतें, तें यामुळें. 'बक्षीस' फारसींतून आलें. तें वरून खालीं येतें आणि देणाऱ्याच्या मर्जीनें येतें. म्हणूनच तें राजानें कवीस देतां येतें, तसेंच यजमानानें गड्यासही देतां येतें. 'पारितोषिक' परितोषापासून निघालें. तेथें देणारा आधीं संतुष्ट व्हावा लागतो. 'पुरस्कार' म्हणजे मुळांत पुढें करणें. एखाद्या मताचा आपण पुरस्कार करितों तो याच अर्थानें. ज्यास पुरस्कार दिला त्यास लोकांपुढें आणलें, मग त्यांत पैसा असो वा नसो. 'दक्षिणा' हा शब्दही एके काळीं या कुळांत येऊन बसला होता. पेशवाईंत शास्त्रीपंडितांस जी दक्षिणा वांटली जाई, तिच्या रकमेंतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणा प्राइज कमिटी निघाली व मराठी ग्रंथकारांस बक्षिसें मिळूं लागलीं. द, क्षि, णा हीं तीन घरें भरणाऱ्यास, धर्मदायाचें ग्रंथपारितोषिक कसें झालें, याची आठवण एका चांगल्या सूत्रानें सहज देतां येईल.

चषक हें तर पानपात्र, आणि तेंही मद्याचें. इंग्रजांच्या खेळांबरोबर कप आला; त्यास संस्कृत नांव हवें म्हणून हा जुना पेला कोशांतून काढून, घांसूनपुसून व्यासपीठावर ठेवण्यांत आला. 'करंडक' त्याहून घरगुती. करंडा हा आमच्या बायकांच्या कुंकवाचा; त्याचें थोरलें रूप क्रीडांगणावर गेलें, आणि १९३४ सालीं सुरू झालेली रणजी स्पर्धा काय किंवा १९६३ सालीं पुण्यास सुरू झालेली महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम स्पर्धा काय, दोन्ही करंडकाच्याच नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या. 'पदक' छातीवर चढण्यापूर्वीं गळ्यांतला दागिना होतें. 'किताब' हा मूळचा अरबी 'खिताब'. मराठींत येतांना तो पुस्तकवाचक 'किताबा'शीं उच्चारानें एक होऊन गेला, आणि आतां बिरुद व ग्रंथ हे दोघे एकाच वेषांत फिरतात. 'विडा' तर पराक्रम करण्याआधींच उचलावयाचा असतो. विजापूरच्या दरबारांत अफझलखानानें तो उचलल्याची कथा शाळेंतलीं मुलेंही सांगतात.

'फीत' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. कोड्यांतील त्याचें सूत्र पहावें तर बहुधा 'उद्घाटनास कापतात' या धर्तीचें. त्या बिचारीचें भाग्य एवढ्यावरच संपतें काय? परमवीरचक्राची आकृति सावित्रीबाई खानोलकर यांनीं रेखाटली. त्या जन्मानें युरोपीय. महाराष्ट्रीय सेनाधिकाऱ्याशीं विवाह करून त्या इकडच्या झाल्या. इंद्राच्या वज्राच्या चार आकृति धारण करणारें तें कांस्यपदक ज्या फितीस लटकतें, ती साध्या जांभळ्या रंगाची आहे. तिच्यावर नक्षी नाहीं, पट्टे नाहींत. परकी नांवाची ती जांभळी फीत इंद्राचें वज्र पेलते, आणि कोडेंकारास मात्र तिच्यासाठीं कात्रीच आठवते.

आतां एवढें सामान हाताशीं असतां सूत्र कसें असावें, हें दाखविण्याकरितां आम्हीं स्वतःच कांहीं रचून पाहिलीं. तीं आदर्श आहेत असा आमचा दावा नाहीं. 'जमिनीच्या रूपानें नातवापर्यंत पोंचणारें' (३): इनाम. 'ज्यांतून कोणी पीत नाहीं असें पानपात्र' (३): चषक. 'ऐकण्यांत पुस्तक, मिरवण्यांत मान' (३): किताब. 'कुंकवाच्या घरांतून क्रीडांगणावर आलेला' (४): करंडक. 'काम होण्याआधींच उचलतात' (२): विडा. 'दर वर्षीं घर बदलणारें, वार न झेलणारें शस्त्र' (२): ढाल. 'महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर शोभते' (२): गदा. यांत विद्वत्तेचा डौल नाहीं, कोश उघडावा लागत नाहीं. परंतु प्रत्येकाचें उत्तर एक आणि एकच आहे. इनामाच्या सूत्रांत चषक घालून पहा, तो आपण होऊन बाहेर पडतो.

एका कोड्यास एकच उत्तर, हा नियम कांहीं आम्हीं आज काढलेला नाहीं. उखाणा, कूट, आहणा, हुमाण अशा नाना नांवांनीं आमच्या लोकांत कोडीं चालत आलीं. संस्कृतांत प्रहेलिका ही चौसष्ट कलांपैकीं एक गणली जाई, व दण्डीनें काव्यादर्शांत तिचे सोळा प्रकार सांगितले. मोरोपंतांनीं शंभरावर रामायणें रचलीं; त्यांतील एकांत ओष्ठ्य वर्ण येऊं द्यावयाचा नाहीं असें बंधन त्यांनीं स्वतःवर घालून घेतलें. शब्दाशीं खेळ करण्याची ही हौस आमच्या वऱ्हाडांत पोळ्याच्या दिवशीं अजूनही दिसते. तोरणाखालीं बैलजोड्या उभ्या राहिल्या कीं त्यांचे धनी एकापुढें एक झडत्या म्हणतात, आणि कोणाची झडती सरस ठरली हें जमलेला गांवच ठरवितो. या सगळ्या खेळांत एक अलिखित कायदा आहे. उत्तर ऐकतांच ऐकणाऱ्याच्या तोंडून 'हात्तिच्या, एवढेंच!' असें निघालें पाहिजे. तसें न निघतां 'माझेंही बरोबरच होतें' असें निघालें, तर लाज कोडें घालणाऱ्यास वाटावयाची, ऐकणाऱ्यास नव्हे. इंग्रजांतही ज्यांनीं या कलेचा गंभीरपणें विचार केला त्यांचा दंडक हाच होता. ए. एफ. रिची यांनीं १९४९ सालच्या आपल्या संग्रहांत सूत्रकारास शब्दांचा आडोसा घेऊन वाचकास चकविण्याची मोकळीक दिली. मात्र अपेक्षित उत्तर त्या शब्दांतून न्यायानें निघालें पाहिजे, अशी अट घातली.

हा दंडक कोठें मोडला? तो बक्षिसापायीं मोडला. आज आपण ज्यास शब्दकोडें म्हणतों त्याचा पहिला नमुना आर्थर विन या गृहस्थांनीं २१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रांत छापला. तेव्हां तो निव्वळ करमणुकीचा खेळ होता. पुढें पत्रांच्या चालकांच्या ध्यानांत आलें कीं, कोड्यास रोख बक्षीस जोडलें व प्रत्येक प्रवेशपत्रास फी ठेवली, तर खेळांतून पैसा निघतो. परंतु यांत एक अडचण होती. सूत्र न्यायाचें असेल तर हजारों लोकांचीं उत्तरें बरोबर येणार, आणि बक्षीस वांटतां वांटतां चालकाचें दिवाळें निघणार. त्यावरचा उपाय सोपा होता: सूत्रच असें लिहावयाचें कीं त्यास दोन-दोन, तीन-तीन उत्तरें सारख्याच जोरानें लागू पडावींत. त्यांतलें एक आधींच ठरवून बंद पाकिटांत ठेवावयाचें. अशीं पांच-सहा घरें कोड्यांत पेरलीं कीं हिशेब स्पष्ट आहे. दोन पर्यायांचीं सहा घरें म्हणजे चौसष्ट निरनिराळीं उत्तरपत्रें, आणि त्यांतलें एकच बरोबर. भाषा जाणणारा व न जाणणारा दोघेही तेथें एका पायरीवर येतात.

आमचे काकाजी या खेळांत उतरले होते. ते वारले त्यानंतर त्यांच्या ट्रंकेंत एक वही सांपडली, त्यावरून ही गोष्ट आम्हांस कळली. १९५४ च्या सुमारास ते गांवांतील एका जिनांत कारकून होते. वय चोविशीच्या आसपास, इंग्रजी उत्तम, आणि शब्दांचें वेड. एका बाहेरगांवच्या पत्राच्या स्पर्धेंत तीन घरांचा इंग्रजी शब्द होता: पहिला वर्ण 'सी', शेवटचा 'पी', मधलें घर रिकामें. सूत्राचा आशय असा कीं, खेळाडूस हें मिळालें म्हणजे घरचीं माणसें तें अभिमानानें दाखवितात. मधल्या घरांत 'यू' घातला तर कप होतो, 'ए' घातला तर कॅप, म्हणजे संघांत निवड झाल्याची टोपी. काकाजींनीं वहीचीं दोन पानें भरून, कपच कां असला पाहिजे, याचा ऊहापोह केला आहे. टोपी डोक्यावर असते, ती दाखवावी लागत नाहीं. कप दिवाणखान्यांत मांडून ठेवतात व पाहुण्यांस दाखवितात. युक्तिवाद खरोखर सुंदर आहे. त्या भरंवशावर त्यांनीं एक नव्हे, अनेक प्रवेशपत्रें पाठविलीं. पाकिटांत कॅप निघाली. त्या वर्षीं आमच्या वडिलांचीं शाळेचीं पुस्तकें उधारीवर आलीं, असें आमची आजी सांगत असे. कारण मात्र तिनें कधीं सांगितलें नव्हतें. वहीच्या त्या पानाखालीं काकाजींनीं पुढें केव्हां तरी, निराळ्या शाईनें, दोनच शब्द लिहिले आहेत: 'दोन्ही बरोबर.'

बहिणीच्या प्रश्नावर ते गप्प कां बसले, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. एका मुलीनें चाळीस वर्षांनंतर त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला होता.

अशा स्पर्धांचा बंदोबस्त पुढें कायद्यानें केला. मुंबई सरकारनें १९४८ सालीं लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. पण घाटंजीस तो लागू नव्हता, कारण यवतमाळ जिल्हा त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता व मुंबई राज्यांत तो १९५६ सालीं आला. १९५५ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा करून, एका महिन्यांतील बक्षिसांची एकूण किंमत १,००० रुपयांवर जाऊं नये व एका स्पर्धेंत २,००० हून अधिक प्रवेशपत्रें घेऊं नयेत, अशी मर्यादा घातली. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकांतून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालविणारे आर. एम. डी. चमारबागवाला यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काकाजींच्या स्पर्धेचा त्या वादाशीं संबंध नव्हता. परंतु ९ एप्रिल १९५७ च्या त्या निकालांत जें तत्त्व सांगितलें, तें त्यांच्या वहीसही लागू पडतें. जुगार हा व्यापार नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण त्यास मिळणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें, आणि तसें ठरवितांना ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या विलापापासून स्मृतींपर्यंतच्या आधारांचा उल्लेख केला. मात्र ज्या स्पर्धेंतील यश मुख्यत्वें कौशल्यावर अवलंबून आहे, ती जुगाराच्या सदरांत पडत नाहीं, हेंही त्याच दिवशींच्या दुसऱ्या निकालांत स्पष्ट झालें.

न्यायालयानें जी रेषा ओढली ती कौशल्य व दैव यांच्यामध्यें. टीकाकारासही दुसरी रेषा लागत नाहीं. ज्या सूत्राचें उत्तर विचारानें निघतें तें कौशल्याच्या बाजूस, ज्याचें उत्तर नुसतें अंदाजानें निघतें तें दैवाच्या बाजूस. अमरकोशांत एक मौजेचा योग आहे. 'चषक' हें नांव जेथें येतें, तेथून लागलीच पुढें जुगाऱ्याचीं नांवें सुरू होतात, आणि थोड्याच अंतरावर 'पण' म्हणजे डावावर लावलेलें धन येतें. अमरसिंहाच्या मनांत मद्यपानानंतर द्यूत यावें एवढाच क्रम असेल; परंतु शब्दकोड्याच्या इतिहासांतही चषक आणि पण असेच शेजारी शेजारी नांदले.

यावर कोणी म्हणेल कीं, तो काळ गेला. आतां वर्तमानपत्रांतील रोजच्या कोड्यास फी नाहीं, पाकीट नाहीं. सूत्र ढिलें असलें तर कोणाचें काय बुडतें? शिवाय हीं कोडीं सकाळच्या चहाबरोबर सोडवावयाचीं. तीं सोपींच असावींत. आणि एका सूत्रास चार उत्तरें बसलीं तरी उभा शब्द भरल्यावर खरें कोणतें तें कळतेंच. हे आक्षेप अगदींच टाकाऊ नाहींत. छेदणाऱ्या अक्षरांनीं निवाडा होतो, हें खरें. देवनागरींत तर तो इंग्रजीपेक्षां अधिक पक्का होतो, कारण वेलांटीसुद्धां साक्ष देते. परंतु निवाडा जर उभ्या शब्दानेंच करावयाचा, तर आडव्या शब्दाच्या सूत्राचें काम काय उरलें? सोपेपणाचें म्हणाल तर सोपें सूत्र व ढिलें सूत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर शोभते' हें सूत्र दहा वर्षांचें पोरही सोडवील, आणि तरी त्यास दुसरें उत्तर नाहीं. राहिला प्रश्न काय बुडतें याचा. पैसा बुडत नाहीं, हें मान्य. परंतु रोज सकाळीं एका घरांतील मुलांस असें शिकविलें जातें कीं इनाम, बक्षीस, पदक व चषक हीं सारीं एकच, जें बसेल तें लिहावें. ही संवय कोड्याबाहेरही जाते. आमचीं मानपत्रें व सभांचे वृत्तांत वाचावे. तेथें पुरस्कार, पारितोषिक व सन्मान हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास फिरत असतात, आणि कोणीं कोणास काय व कां दिलें हें वाचणाऱ्यास उमगत नाहीं. या कामीं मराठीनें दाखविलेली एक सूक्ष्मताही जातां जातां नोंदवितों. हरलेल्यास जें बक्षीस देतात त्यास इंग्रज सांत्वनाचें बक्षीस म्हणतो. आम्ही 'उत्तेजनार्थ' म्हणतों. तो डोळे पुसतो, आम्ही पाठ थोपटतों. उ, त्ते, ज, ना, र्थ: पांच घरांचा हा शब्द कोड्यांत आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. 'त्ते' आणि 'र्थ' हीं अक्षरें आड येत असावींत.

शेवटची तक्रार आमच्या मुलखाच्या वतीनें. कोडीं बहुधा मोठ्या शहरांत रचलीं जातात व लहान गांवांत सोडविलीं जातात. बक्षिसाच्या कुळांतील शहरी शब्द त्यांत आहेत, आमचे नाहींत. शर्यत म्हटली कीं सूत्रकारास घोडा आठवतो. विदर्भांत बैलजोड्यांच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें अशा शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस पुन्हां परवानगी मिळाली, व मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. इतकें रामायण ज्या शब्दाभोंवतीं घडलें तो शब्द पांच घरांचा असून त्यांतील चार अक्षरें मोकळीं आहेत. छेदास याहून सोयीचा शब्द मिळणें कठीण. तान्ह्या पोळ्यास लाकडी बैल सजवून आणणाऱ्या मुलांस बक्षिसें वांटतात; तो 'तान्हा' हा शब्द दोन घरांचा. तोरण, झडती, पट हे शब्द शिळे नाहींत, रोजच्या बोलण्यांतले आहेत. सूत्रकारांनीं थोडें पाय मोकळे करण्यास गांवोगांव हिंडावें असें आमचें म्हणणें नाहीं. कोशाच्या जोडीला आपल्या वाचकांचीं पत्रें वाचलीं तरी पुरे.

सारांश, शब्दकोडें रचणाऱ्यास आमचें मागणें फार मोठें नाहीं. सूत्र लिहून झाल्यावर, तितक्याच घरांचा दुसरा शब्द त्यांत बसतो काय, एवढें एकदां पाहून घ्यावें. बसत असेल तर आणखी दोन शब्द खर्चावे. कागदाचा तेवढा व्यय कोणत्याही संपादकास परवडण्याजोगा आहे.

आमची बहीण आतां स्वतः संसारी आहे, आणि सकाळचें कोडें तिनें सोडलेलें नाहीं. दोन उत्तरांचें सूत्र आलें कीं उभे शब्द जुळवून तें सोडविण्याचा खटाटोप ती करीत नाहीं. तीं घरें कोरीं ठेवते, समासांत दोन्ही शब्द लिहिते, आणि खालीं काकाजींच्या वहींतले ते दोन शब्द घालते.